मधल्या पाण्यात

सोलापूर जिल्ह्यात दोन माणसं भेटली की आधी तब्येतीची चौकशी होते, मग पावसाची आणि मग उजनीची. 'किती झालं?' एवढंच विचारायचं. काय झालं ते सांगावं लागत नाही. पावसाळ्यात हा आकडा चढताना लोक रोज सकाळी मोबाइलवर बघतात आणि उन्हाळ्यात तो शून्याखाली घसरू लागला की ऊसवाल्याच्या, केळीवाल्याच्या पोटात गोळा येतो. शून्याखाली म्हणजे धरण कोरडं नव्हे, हे बाहेरच्या पाव्हण्याला दरवेळी नव्याने समजावून सांगावं लागतं. भीमेवरच्या या धरणात सारं मिळून ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं उपयुक्त ५३.५७ टीएमसी, आणि बाकीचं ६३.६६ टीएमसी मृतसाठ्यात. म्हणजे टक्केवारी शून्यावर आली तरी निम्म्याहून जास्त पाणी धरणात असतंच. २०२४ च्या जूनमध्ये आकडा उणे ६० च्या जवळ गेला होता आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के भरलं.

मासे याच मृतसाठ्यात उन्हाळा काढतात. आमच्या सगळ्या हिशेबात शेती येते, कारखाने येतात, सोलापूरचं पिण्याचं पाणी येतं, पंढरीच्या वारीला नदीत सोडायचं पाणी येतं. मासा येत नाही. त्या मासळीवर जगणारी माणसंही येत नाहीत. या लेखाचा विषय मित्रांबरोबर गळ टाकून काढलेला एक दिवस आहे, पण तो सांगताना हा राहिलेला हिशेब मांडल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

माढ्यापासून अरबी समुद्र अडीचशे किलोमीटर तरी लांब. पण तालुक्याच्या पश्चिम टोकाला उजनी गावाजवळ १९८० साली धरण पूर्ण झालं आणि आमच्या कोरडवाहू मुलखाच्या दाराशी यशवंतसागर जलाशय येऊन उभा राहिला. धरणाची भिंत अडीच किलोमीटर लांब, दरवाजे ४१. पाणी तुडुंब असतं तेव्हा ते सव्वातीनशे चौरस किलोमीटरवर पसरतं. माढा, करमाळा, इंदापूर या तालुक्यांना कवेत घेत दौंडच्या दिशेनं जातं. पुणे-सोलापूर महामार्गावरून भीमानगरजवळ जाताना डोळ्यांना भिंत दिसते, पाण्याचा पसारा दिसत नाही. तो बघायचा तर होडीत बसून आत जावं लागतं. काठ मागे पडतो, समोरचा काठ धुरकट होतो आणि मग एक वेळ अशी येते की दोन्हीकडे फक्त एक करडी रेघ उरते. होडीवाले याला 'मधलं पाणी' म्हणतात. कोकणातला माणूस किनारा सोडून खोल दर्यात गरवायला जातो, त्याची आमच्याकडची जागा ही.

आम्ही पाच जण होतो. माढ्याच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात उभी नोकरी केलेला फिटर, टेंभुर्णीचा खत-बियाणांचा दुकानदार, कंदरचा केळी बागायतदार आणि मी. मास्तरांना हा नाद लहानपणापासूनचा. सीना नदीच्या डोहात बांबूच्या काठीला सुतळी बांधून त्यांनी मासे धरलेले. फिटरला माशापेक्षा रिळाचा सोस जास्त. रीळ उघडून, घासूनपुसून, तेलाचा एक थेंब बरोबर जागी सोडून ते परत बसवण्यात त्याचे रविवार जातात. बागायतदाराची जमीन काठाला लागून आहे आणि होडीवाल्या अण्णांशी त्याचं घरोब्याचं. अण्णा भोई समाजातले, साठीच्या आसपासचे. धरणात जाळं टाकायचा परवाना त्यांच्याकडे आहे आणि त्यांच्या शब्दाबाहेर पाण्यावर जायचं नाही, हा आमच्यातला नियम.

मार्चचा पहिला आठवडा. माढ्याहून पहाटे निघून कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत करमाळ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरांची रांग अजून संपलेली नव्हती. पिंपळनेरच्या कारखान्याकडे जाणारी वाहनं, त्यांच्या मागच्या ट्रॉलीतून ओघळलेलं वाडं, थंडीनं काचेवर धरलेलं दव. कंदरला केळीच्या बागांतून पाण्याकडे जाणारी वाट घेतली. या गावाची केळी आज परदेशात जातात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इथं कुसळ आणि हुलगा होता हे बागायतदाराचे वडील सांगत. मास्तरांनी गाडीतच भिजवलेल्या पेंडीचा डबा उघडून बघितला आणि वास सगळ्या गाडीत भरला. शेंगदाण्याची पेंड, भाजक्या डाळ्यांचं पीठ, थोडा गूळ आणि चिमूटभर ओवा. प्रत्येक गळवाल्याचं याचं प्रमाण वेगळं आणि तो ते मुलालाही पूर्ण सांगत नाही.

काठावर अण्णांनी पहिली गोष्ट केली ती जाकिटं पुढं टाकण्याची. "आधी अंगात घाला, मग पाय होडीत ठेवा." दुकानदार म्हणाला, "अण्णा, मला पवायला येतंय की." अण्णा त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "कुगावच्या होडीतल्यांना बी कुणाकुणाला येत असंल."

यानंतर कोणी काही बोललं नाही. २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे जाणारी प्रवासी होडी अचानक उठलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. त्यात दोन लहान मुलं होती. एकच जण पोहत काठाला लागला. या पाण्यावरून रोज माणसं ये-जा करतात, कारण रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा पडतो. धरणानं गावं बुडवली तशीच गावांमधली अंतरंही वाढवली. त्या घटनेनंतर होड्यांची तपासणी, जाकिटं, पूल यांच्यावर बोललं गेलं. पण आजही सुट्टीच्या दिवशी हौशी मंडळी जाकीट न घालता, होडीच्या काठावर उभं राहून फोटो काढताना दिसतात. पाणी शांत असतं तेव्हा ते कायम शांतच राहील असं वाटतं. उजनीवर हा भ्रम फार महागात पडतो. इतक्या लांबवर उघडं पाणी असलं की वाऱ्याला अडवायला काही नसतं. पश्चिमेचा वारा मैलोनमैल पाण्यावरून धावत येतो आणि लाट वाढवत नेतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा ढग उठला तर अर्ध्या तासात पाण्याचा रंग बदलतो. अण्णांचा दंडक असा की उन्हाळ्याच्या तोंडाला बारा-साडेबारापर्यंत काठ गाठायचा, मग मासा लागत असो वा नसो.

होडी सुटली तेव्हा पूर्वेकडे तांबडं फुटत होतं. उथळ पाण्यात चित्रबलाक उभे होते, त्यांच्या पलीकडे रोहित पक्ष्यांची एक गुलाबी पट्टी. भिगवणच्या बाजूला हे पक्षी बघायला पुण्या-मुंबईहून लोक येतात, त्यांच्यासाठी होड्याही आहेत. काठाजवळ पाणी नितळ होतं, तेव्हा अण्णांनी इंजिन बंद करून वल्ह्यानं होडी हळू केली आणि तळाकडे बोट दाखवलं. चिखलात ताटाएवढे गोल खळगे होते, एकाला लागून एक, शेकड्यांनी. प्रत्येक खळग्यावर एक काळपट मासा राखण करत होता आणि शेजारचा जवळ आला की त्याच्यावर धावून जात होता. हा चिलापी. नर तोंडानं चिखल उपसून खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती आपल्या तोंडात घेते. पिल्लं स्वतंत्र पोहू लागेपर्यंत ती तोंडातच सांभाळते आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. वर्षातून अनेकदा ही वीण होते. मूळचा हा मासा आफ्रिकेतला. १९५२ साली तो भारतात आणला गेला. आज उजनीच्या पाण्यावर त्याचंच राज्य आहे.

मास्तर त्या खळग्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या वेळी सीनेत काय नव्हतं! शिंगटी, मरळ, वाम, कोळस..."

"कोळस बघून लई वर्सं झाली, मास्तर," अण्णा म्हणाले.

दख्खनच्या नद्यांतल्या माशांची पहिली शास्त्रीय ओळख जगाला करून दिली ती कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं, १८३९ साली. भीमा, मुळा-मुठा अशा नद्यांच्या काठावर त्यानं मासे गोळा केले आणि स्थानिक मासेमारांच्या तोंडी असलेलीच नावं पुष्कळ माशांना कायमची देऊन टाकली. शिंगाळ्याच्या आणि कोळसाच्या शास्त्रीय नावात ती अजून आहेत. म्हणजे जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ कोळसाचं नाव घेतो तेव्हा नकळत इथल्याच कुणा भोयाचा शब्द उच्चारतो. तो कोळस आज कृष्णेच्या खोऱ्यात संकटात आलेल्या माशांत मोजला जातो. धरणं, सांडपाणी, बारीक जाळी आणि बाहेरून आलेले मासे, या चारांनी मिळून हे केलं आहे. आमच्या डोळ्यांदेखत झालेला हा बदल आहे आणि त्याची खंत मला वाटते.

मधल्या पाण्यात आल्यावर अण्णांनी जागा शोधायला सुरुवात केली. त्यांच्याकडे यंत्र नाही. इंदापूरच्या बाजूच्या एका देवळाचा कळस आणि त्याच्यामागची पाण्याची टाकी एका रेषेत आणायची. मग करमाळ्याच्या बाजूचा एक माळ आणि त्यावरचा विजेचा मनोरा एका रेषेत आणायचा. दोन रेषा जिथं एकमेकींना छेदतात तिथं नांगर सोडायचा. कोकणातले कोळीही खोल पाण्यातली आपली जागा अशीच खुणांवरून पकडतात. अण्णांनी सिमेंट भरलेला डबा दोरीनं खाली सोडला. दोरी बरीच गेली. "हितं जुनी नदी हाय खाली," ते म्हणाले. "आन् त्या अंगाला गाव. आमची हीर, चिंच, मारुतीचं देऊळ. पाणी आलं तवा मी शाळेत जात हुतो."

मासा सपाट तळावर थांबत नाही, त्याला आडोसा लागतो. जुन्या नदीचा काठ, पडलेल्या भिंती, बाभळींचे बुंधे, विहिरींची तोंडं, अशा ठिकाणी तो राहतो. जे गाव माणसांनी सोडलं ते माशांना मिळालं आहे. पाणी फार खाली गेलेल्या वर्षी यातलं काही उघडं पडतं. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ वर आलं की लोक दर्शनाला गर्दी करतात, धरणग्रस्त घरातली म्हातारी माणसं चिखलातून चालत आपल्या जोत्याचे दगड शोधतात. अण्णांच्या गावाचं जोतं मात्र अशा वर्षीही पाण्याखालीच राहतं. ते त्या जागेवर रोज होडी लावतात. जाळं अडकलं की कुठल्या घराच्या भिंतीला अडकलं ते त्यांना कळतं.

गळ पाण्यात पडले. इथं वाचकाला थोडं बारकाईनं सांगतो, कारण गळ म्हणजे आळशी माणसाचा वेळ घालवण्याचा उद्योग, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. एकाच जागी पाण्याच्या वेगवेगळ्या थरांत वेगवेगळे मासे चरतात. कटला वरच्या थरातला. त्याचं तोंड वर वळलेलं, डोकं मोठं, तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाशी. शिंगाळा आणि वाम तळाशी, पण त्यांना पेंड चालत नाही, गांडूळ किंवा लहान मासा लागतो. मरळ मधल्या पाण्यात येतच नाही. ती काठाच्या पाणवनस्पतींत दबा धरते आणि हवेचा घोट घ्यायला वर येते, तेव्हा तिच्यासाठी रबरी बेडूक पाण्यावरून ओढावा लागतो. तेव्हा कोणता मासा हवा हे ठरवून त्याप्रमाणे तरंगणाऱ्या बुचाखाली किती दोरा सोडायचा हे ठरतं. मास्तरांनी कटल्यासाठी बूच लावलं, पेंडीचा लिंबाएवढा गोळा करून त्याच्या भोवती बारीक गळ दडवले आणि वीतभर अंतराचाही विचार करून खोली बांधली. फिटरनं शिसं लावून तळ धरला.

पहिला तासभर फक्त चिलापी. हाताएवढे, काटेरी पंखांचे, धरताना बोटाला टोचणारे. बागायतदार एकामागून एक काढत होता. मग मास्तरांचं बूच किंचित थरथरलं. थांबलं. पुन्हा थरथरलं. नवखा माणूस इथं झटका मारतो आणि मासा घालवतो. कटल्याच्या जबड्यात दात नाहीत. तो गोळा चावत नाही, ओठांनी चोखतो, तोंडात घेतो, बाहेर टाकतो. त्याच्या चोखण्यानं बूच हलत असतं. मास्तर काठीला हातही न लावता बसून राहिले. बूच आडवं सरकलं आणि एकदम दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी मनगट उचललं.

रीळ किंचाळलं. रिळाचा ब्रेक फिटरनं आदल्या दिवशी काट्यावर वजन लावून बांधून दिला होता: दोरा जेवढ्या ओढीला तुटतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाला रीळ सुटलं पाहिजे. म्हणजे माशानं जोर केला की दोरा तुटण्याऐवजी सुटत जातो आणि मासा स्वतःच दमत जातो. कटला उडी मारत नाही. तो सरळ रेषेत, जड, न थांबता जातो. मास्तरांचं वय सत्तरीच्या पुढं, पण त्यांनी काठी कोणाच्या हातात दिली नाही. मासा थांबला की दोन-चार वेढे गुंडाळायचे, निघाला की जाऊ द्यायचं. "बाभळीकडं जाऊ दिऊ नका, मास्तर!" अण्णा ओरडले आणि नांगराची दोरी ओढून होडीचं तोंड फिरवलं. आम्ही बाकीच्यांनी आपापले गळ काढून घेतले, नाहीतर दोरे गुंतले असते. बऱ्याच वेळानं होडीपासून दोन हातांवर पाणी फुगलं आणि तांब्याच्या रंगाची रुंद पाठ दिसली. मग ते अवाढव्य डोकं. अण्णांनी जाळी खाली घातली.

सहा-सात किलोचा असावा. मास्तरांनी हात ओले केले, मगच त्याला धरलं. कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तो थर त्याचं रोगांपासूनचं कवच असतं. खवल्यांच्या कडेला गुलाबी झाक होती, कल्ले उघडझाप करत होते, ओठात रुतलेला गळ बारीक होता. मास्तरांनी तो पकडीनं उलट्या दिशेनं काढला.

"आता सोडणार म्हणता?" दुकानदारानं विचारलं. त्याच्या आवाजात खरंच दुःख होतं. घरी सांगून आला होता.

"चिलापी आहेत की भरपूर. हा जाऊ दे."

मास्तरांनी कटला पाण्यात सरळ धरून ठेवला. काही वेळ तो तसाच हातात राहिला आणि मग शेपटीच्या एका फटक्यात खाली गेला.

मी अण्णांकडे बघितलं. ज्याचं घर माशावर चालतं त्याच्या डोळ्यांसमोर आपण सहा-सात किलोचा कटला पाण्यात सोडतो, यात त्याला काय वाटत असेल हा प्रश्न मला दरवेळी पडतो. मी तो विचारलाच. अण्णांनी विडी पेटवली. "मोटा सोडला तर कुणाच्या तरी जाळ्यात यील, आमच्यातल्याच. त्याचं काय न्हाई. बारकी धरत्यात त्यानं वाटुळं झालंय."

बारकी धरतात ती वडापानं. वडाप म्हणजे बारीक आसाचं लांब जाळं. ते ओढत आणलं की बोटाएवढं पिल्लूही निसटत नाही. कटला, रोहू, मृगळ हे धरणाच्या थांबलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून त्यांचं बीज बाहेर तयार करून धरणात सोडावं लागतं. हे शक्य झालं ते हिरालाल चौधरी यांच्यामुळे: १० जुलै १९५७ रोजी ओडिशात त्यांनी माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्पची वीण घडवून आणली, आणि देशातल्या तलावांचं, धरणांचं मत्स्यबीज तिथून सुरू झालं. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. सरकार खर्च करून असं बीज पाण्यात सोडतं आणि वर्ष व्हायच्या आत वडापवाले ते किलोवर विकून टाकतात. रोहूची पूर्ण वाढलेली मादी अंगाच्या दर किलोमागे दोन लाखांच्या वर अंडी देते. म्हणजे पुराच्या वेळी भीमेच्या वरच्या अंगाला चढू शकणारी एक मोठी मादी वाचवणं किती मोलाचं आहे, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. वडापावर बंदी आहे, कारवाया होतात, जाळी जप्त करून पेटवल्याच्या बातम्याही येतात, आणि चार दिवसांनी जाळं पुन्हा पाण्यात असतं.

दुसऱ्या एका सकाळी मी मुद्दाम भिगवणच्या मासळी बाजारात गेलो. उजनीच्या मासळीचा हा मोठा बाजार. क्रेटमधून मासळी उतरते, फरशीवर ढीग लागतो, आडतदार बोली पुकारतो, बर्फाचा चुरा पडतो आणि टेम्पो निघून जातो. ढिगांमध्ये सगळ्यात मोठा ढीग चिलापीचा. कटला-रोहूचा त्याहून लहान. वाम आणि मरळ टोपलीत वेगळी, कारण त्यांना भाव. एका कोपऱ्यात बोटभर माशांचा एक ढीग होता, त्याच्यावर ओलं पोतं टाकलेलं. एका बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्ये इचारू नगा, दादा. आमी न्हाई घेत त्ये." त्यांचा नवरा आणि दोन दीर पाण्यावर असतात. पूर्वी रात्रीचं कंडाळ जाळं टाकलं की सकाळी दोन माणसांना ओढवत नसे. आता तेवढ्याच जाळ्यात घरखर्च आणि डिझेल कसंबसं निघतं, असं त्या म्हणाल्या. त्यातला किती भाग वडापाचा, किती प्रदूषणाचा, किती धरणातल्या पाण्याच्या चढउताराचा, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण प्रदूषण डोळ्यांना दिसतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून सगळं उजनीत येतं. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते, होडीच्या मागं हिरवा पट्टा उमटतो, जलपर्णीचे गालिचे वाऱ्यानं या काठावरून त्या काठाला जातात. हेच पाणी आम्ही पितो, यातलेच मासे खातो.

आमच्या गळाच्या दिवशी साडेअकराला पश्चिमेकडून पहिली झुळूक आली. पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या, एवढंच. आम्हाला त्यात काही वाटलं नसतं. अण्णांनी नांगर ओढायला घेतला. फिटरच्या गळाला त्याच वेळी काहीतरी जड लागलं होतं; तळाचा शिंगाळा असावा. त्याची घाई झाली, दोरा एका बुंध्याला अडकला आणि तुटला. त्यानं हळहळून एक क्षण पाण्याकडे बघितलं आणि लगेच इंजिनाजवळ जाऊन अण्णांना हात दिला. काठाला लागेपर्यंत होडीच्या नाकावर पाणी उडू लागलं होतं. दुकानदारानं न सांगता जाकिटाचा वरचा बंदही बांधला होता.

बागायतदाराच्या रानात चिंचेखाली चूल मांडली. चिलापी साफ करायचं काम अण्णांच्या घरच्या वहिनींनी आम्हाला करू दिलं नाही. एका मिनिटात एक मासा, खवले, पोट, काटेरी पंख, सगळं हातासरशी. आलं-लसूण, काळा मसाला, भाजलेलं खोबरं, कांदा आणि चिंचेचा कोळ. कडक ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, कच्चा कांदा. समुद्राच्या मासळीची चव वेगळी, तिच्यात मीठ आणि खारा वास असतो. गोड्या पाण्याच्या मासळीला मातीचा वास येतो म्हणून कोकणातला माणूस नाक मुरडतो. त्याला आमच्याकडचं हे कालवण खायला घालायला हवं. जेवताना मास्तर फारसं बोलले नाहीत. हात धुताना मात्र उजव्या मनगटावर काठीचा उठलेला वळ बागायतदाराच्या मुलाला दाखवून म्हणाले, "पुढच्या वेळी तू ये. तुला बूच बघायला शिकवतो."

गळ हा खेळ म्हणून आपल्या राज्यात नवा नाही. मुंबईत पवईच्या तलावावर गळवाल्यांची महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन १९५५ पासून आहे. तिथं सभासदांना नियम आहेत, मासा सोडून देण्याची रीत आहे. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीनं सत्तरच्या दशकात महसीरची पैदास सुरू केली आणि तिथलं बीज देशभरातल्या नद्यांत गेलं. रायगडात वाळणकोंडीच्या डोहात देवीचे मासे म्हणून महसीर राखले आहेत, त्यांना कोणी हात लावत नाही. आणि आता रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर हौशी लोक होडी ठरवून खोल पाण्यात सुरमई, कोकर, गोबरा यांच्या मागे जातात. होडी स्थानिक कोळ्याची, वाटाड्याही तोच. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, ही समुद्राची शिस्त तिथल्या माणसाच्या अंगवळणी पडली आहे. यातलं काहीच उजनीवर नीट उभं राहिलेलं नाही. इथं गळवाला येतो तो चोरासारखा किंवा पाव्हणा म्हणून. त्याला ना परवान्याची सोपी वाट, ना नियम सांगणारं कोणी.

माझं मत स्पष्ट आहे. भिगवणला पक्षी बघायला येणाऱ्यांमुळे तिथल्या काही मासेमार कुटुंबांना होडीचं भाडं मिळू लागलं आणि पक्षी जिवंत असण्यात त्यांचा फायदा तयार झाला. मोठा मासा जिवंत असण्यातही असाच फायदा तयार करता येईल. अण्णा म्हणाले, एका दिवसाचं आमचं भाडं त्यांच्या जाळ्याच्या एका चांगल्या रात्रीएवढं होतं आणि त्यात जाळं फाटत नाही. गळवाला धरणात वर्षाला जितके मासे मारेल तितके वडापाच्या एका ओढीत मरतात. तेव्हा परवाना असलेल्या स्थानिक मासेमाराच्याच होडीतून, त्याच्याच देखरेखीखाली, जाकीट सक्तीचं करून, पुराच्या विणीच्या काळात बंद ठेवून गळाची मासेमारी सुरू करायला काहीच हरकत नसावी. गळवाले पाण्यावर असले तर वडाप टाकणाऱ्याला बघणारे डोळेही वाढतील.

जलसंपदा आणि मत्स्यव्यवसाय या दोन खात्यांनी एकत्र बसून ही नियमावली करावी, आणि ती करताना काठच्या भोई-कोळ्यांना आधी विचारावं. तोपर्यंत उजनीवर गळ घेऊन जाणाऱ्यांना पाच गोष्टी सांगतो. परवानाधारक मासेमाराशिवाय पाण्यात उतरू नका. जाकीट काठावरच घाला आणि काठाला लागेपर्यंत काढू नका. दुपारचा वारा उठायच्या आत परता. होडीवाला चला म्हणाला की वाद घालू नका. आणि बारकं पिल्लू गळाला लागलं, किंवा तांबड्या पिल्लांच्या थव्याला राखणारी मरळ दिसली, तर त्यांना पाण्यातच राहू द्या.

अण्णांचा धाकटा मुलगा पुण्याला कंपनीत कामाला गेला आहे. थोरला पाण्यावर आहे. त्याच्या मुलालाही याच पाण्यावर राहता यावं, एवढे मासे उजनीत उरले पाहिजेत.